अडुसष्ट टाके उजवा, शहात्तर टाके डावा

अण्णांची बायपास झाली त्याला आता चार वर्षं होतील. हृदयाला जोडायला जी शीर लागते ती त्यांच्या डाव्या पायातून काढली होती. हृदय तेव्हापासून बिनतक्रार चाललंय, पाय मात्र जो रुसला तो रुसलाच. दिवस कलला की डावा पाय उजव्याहून जाड दिसायला लागतो. दुकानातला मोजा काढला की नडगीवर इलॅस्टिकचा खोल वळ, मळलेल्या कणकेत दोरा दाबावा तसा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सूज काळजीची नाही, झोपताना पायाखाली उशी घ्या आणि काचेल असं काही पायात घालू नका.

आता आमचं गाव निफाड तालुक्यात. थंडीच्या दिवसांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज बातम्यांत सांगतात, ते आमच्यापासून जवळच. पारा पाचाच्या खाली उतरला की द्राक्षबागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून. बाग आता भाऊ बघतो, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही शेकोटीपाशी अण्णा हजर. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर आणि पायात अंगठ्याची चप्पल. उघडी पावलं थंडीनं निळी पडलेली. मोजे घाला म्हटलं तर "काचतात", आणि वहिनीनं मोज्याचं इलॅस्टिक कात्रीनं कापून दिलं तर "गळतात". दोन्ही खरंच होतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही मनालीला गेलो होतो. अटल बोगदा ओलांडून पुढं केलाँगपर्यंत गेलो. तिथं रस्त्याकडेला एक बाई हातानं विणलेले लोकरीचे मोजे विकत होती. पिवळ्या, लाल, हिरव्या नक्षीचे, जाड. लाहौलचे हे मोजे प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. गंमत अशी की सुयांवरचं हे विणकाम तिथं पोचवलं जर्मन बोलणाऱ्या मोरावियन मिशनऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकात केलाँगला येऊन राहिलेल्या हायडे दांपत्यातल्या मारिया हायडे तिथल्या बायकांना विणायला शिकवत. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की मोज्याला इलॅस्टिक नाही. घेतला एक जोड.

अण्णांच्या उजव्या पायात तो झकास बसला. डाव्याच्या घोट्याशी अडकला. ओढून पाहिला, अण्णा "राहू दे, राहू दे" म्हणाले, आणि ते मोजे शेवटी भाच्यानं नेले.

पण नेण्याआधी आईनं त्यातला एक उलटा करून खिडकीशी धरला होता. आई आयुष्यभर विणत आलेली. घरातल्या प्रत्येक बाळाचं टोपडं, स्वेटर, गोंडे लावलेले मोजे तिचेच. पण ते सगळं दोन सुयांवर सपाट विणायचं आणि मागून शिवायचं. तिनं मोज्याच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, याला शिवणच नाही कुठं. ही टाच वळवली कशी हिनं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. खरं सांगायचं तर अण्णांच्या पायापेक्षा आधी तोच बसला.

---

विणणं मला येत होतं, म्हणजे शाळेत असताना आईनं शिकवलेलं सुलट, उलट आणि एका मफलरचं पाऊणभर काम. मोबाईलवर मोजे विणायचे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्यातल्या अमेरिकन बाईनं सांगितलं, एक नंबरच्या सुया घ्या. मी नाशिकच्या मेन रोडला लोकरीच्या दुकानात जाऊन एक नंबरच्या सुया मागितल्या. दुकानदारकाकांनी वरच्या खणातून ज्या काढल्या त्या पेन्सिलीएवढ्या जाड. "मोजे विणायचेत," म्हटल्यावर ते चष्म्यावरून बघत राहिले. "ताई, यानं मोजे नाही, चऱ्हाट होईल."

आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, तारेच्या मापासारखे. नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. त्यांची एक नंबर म्हणजे सव्वादोन मिलिमीटरची सुई, आणि तीच आपली तेरा नंबर. आपली एक नंबर साडेसात मिलिमीटर. काकांनी मग दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुयांचा संच दिला. तीन सुयांवर टाके राहतात, चौथीनं विणायचं. त्रिकोण फिरवत राहायचं, नळी तयार होते.

लोकरीतही चूक केलीच. काकांनी विचारलं, "केशमिलॉन देऊ?" आईच्या तोंडी कायम हाच शब्द, म्हणून मी हो म्हटलं. केशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिक, नावातली काश्मीरची लोकर त्यात औषधालाही नाही. बाळाच्या स्वेटरला ठीक, धुवायला सोपं. मोज्यासाठी मात्र वाईट. पाय घामेजतो, आणि एकदा ताणलं की आक्रसून पुन्हा जागेवर येत नाही. अर्धा मोजा विणून झाल्यावर हे कळलं. मग मेरिनो लोकर आणि नायलॉन असं मिश्रण मागवलं, पंचाहत्तर टक्के लोकर, पंचवीस टक्के नायलॉन. लोकर ऊब आणि ताण देते, नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. शंभर ग्रॅमची लड, त्यात चारशेवीस मीटर धागा, किंमत हजाराच्या वर. यजमानांनी मान हलवून विचारलं, "दुकानात एवढ्यात किती जोड येतील?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर सगळ्यांना माहीत आहे. यंत्रावर मोजे विणायची युक्ती विल्यम ली नावाच्या इंग्रजानं १५८९ मध्येच काढली. म्हणजे हातानं मोजे विणण्यात शहाणपण नाही, ही बातमी चारशे वर्षांहून जुनी आहे.

पण दुकानात डावा-उजवा वेगळ्या मापाचा जोड कुठं मिळतो?

एका रविवारी संध्याकाळी, सूज पूर्ण चढल्यावर, शिंप्याची टेप घेऊन अण्णांच्या पायाशी बसले. चवड्याचा घेर उजवा चोवीस सेंटिमीटर, डावा सव्वीस. लांबी दोन्हीची पंचवीस. घोट्याचा घेर, टाचेवरून तिरका घेर, सगळं वहीत लिहिलं. अण्णा अवघडले होते. मुलीनं पायाला हात लावून मापं घ्यायची, हे त्यांना सोसवेना. पाय मागे ओढून घेत होते आणि बडबडत होते, "चपला शिवतीयस का माझ्या?"

मग नमुन्याचा तुकडा विणला. या कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही आला, पण त्याशिवाय आकडा मिळत नाही. माझ्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये बत्तीस टाके बसत होते. मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान विणायचा, म्हणजे तो अंगाबरोबर बसतो. चोवीसचे झाले साडेएकवीस, गुणिले तीन पूर्णांक दोन, एकोणसत्तर. दोन सुलट दोन उलट अशी पट्टी बसवायला चारनं भाग जायला हवा, म्हणून अडुसष्ट. डाव्याचे तसेच करून शहात्तर. आठ टाक्यांचा फरक. तेवढ्या फरकामुळेच अण्णा चार हिवाळे उघड्या पावलांनी शेकोटीला बसत होते.

वरची कड काचू नये म्हणून टाके घालताना दोन सुया एकत्र धरल्या आणि त्यांच्यावरून टाके घातले. मग एक सुई हळूच काढून घेतली. त्यानं कड इतकी सैल होते की आतून पूर्ण तळहात जातो, आणि पट्टीच्या उलट-सुलट टाक्यांमुळे मोजा तरीही गळत नाही.

---

मी आठवड्यातून तीन दिवस पंचवटीनं मुंबईला जाते. नाशिक रोडहून साडेतीन तास जायला आणि तेवढेच यायला. आमच्या डब्यात सगळं चालतं. भाजी निवडणं, पोथी, डोहाळजेवण, भिशी, भांडणं. पण सुयांचं विणकाम गेल्या कित्येक वर्षांत कुणी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी लासलगावहून येणाऱ्या मावशींनी सरळ विचारलं, "कोणाकडे गोड बातमी?" आपल्याकडे लोकर काढली की बाळ असलंच पाहिजे. "वडिलांसाठी," म्हटल्यावर मावशी जरा निराश झाल्या.

मोज्यांचं काम प्रवासाला फार सोयीचं. स्वेटर जसा वाढतो तसा मांडीवर पसरतो, गरम होतं, शेजारणीला सुया टोचतात. मोजा शेवटपर्यंत पर्समध्ये मावतो. घोट्यापर्यंतची नळी तर न बघता विणता येते. बोलत बोलत विणायची, टाका गळला तर बोटाला लगेच खड्डा लागतो. मी हिशेब केला, एका मोज्याला जवळपास एकशे ऐंशी फेरे होतात. उजव्याचे बारा हजारांवर टाके, डाव्याचे साडेतेरा हजारांच्या पुढं. आकडा ऐकून कुणी दचकतं, पण रोजच्या मणमण काळजीपेक्षा हे बरं. निदान मोजता येतं.

फक्त त्या चार सुया. एकदा परतीच्या प्रवासात कसाऱ्याला गाडी थांबली होती. घाट चढायला मागून जादा इंजिन जोडतात, त्याचा हलका धक्का डब्याला बसतो. तो बसला आणि मोकळी चौथी सुई हातातून निसटून आसनाखाली गेली. मी वाकले, समोरची वाकली, मावशी तर पदर खोचून खाली बसल्या. मोबाईलचे तीन दिवे लावून शोध झाला. चिक्कीचा कागद, एक बांगडी, कुणाचा तरी पासाचा कव्हर, सगळं निघालं. सुई मिळाली नाही. इगतपुरी येईपर्यंत मी तीन सुयांवरचे टाके मुठीत धरून बसले होते, जिवंत कोळंबी धरल्यासारखे. घरी येऊन पहिलं काम केलं ते वायरच्या सुईची ऑर्डर. दोन्हीकडे सुया आणि मध्ये ऐंशी सेंटिमीटरची लवचीक वायर. अर्धे टाके पुढे, अर्धे मागे, मधून वायरचा फास बाहेर. काहीच पडत नाही. चार सुयांवरच विणायला हवं असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी एकदा कसारा घाटातून विणून दाखवावं.

टाचेची पाळी आली तेव्हा मात्र मी डब्यात बोलणं बंद केलं.

नळी घोट्यापर्यंत आली की अडुसष्टपैकी चौतीस टाके वायरवर झोपवून ठेवायचे. ते पावलाच्या वरच्या बाजूचे, त्यांचं काम नंतर. उरलेल्या चौतिसांवर सपाट, पुढे-मागे विणायचं. सुलट ओळीत एक टाका नुसता उचलायचा, पुढचा विणायचा, पुन्हा एक उचलायचा. उचललेल्या टाक्यामागून धागा जातो, त्यामुळे कापड दुपदरी होतं. चप्पल जिथं घासते नेमकं तिथं. अशा चौतीस ओळी झाल्या की मागे लोंबणारी चौकोनी पट्टी होते, नळीला जीभ फुटल्यासारखी. इथवर सगळं समजतं.

पुढची कृती मी वहीत लिहून घेतली होती आणि तरी तिच्यावर विश्वास बसत नव्हता. एकोणीस सुलट, दोन टाके एकत्र, एक सुलट, आणि तिथंच काम उलटं फिरवायचं. सुईवर पलीकडे बारा टाके न विणलेले शिल्लक असताना. आईनं मला शिकवलेल्या सगळ्या विणकामात ओळ अर्धी सोडून फिरणं म्हणजे चूक. हात थांबलाच. गाडी इगतपुरीहून सुटली होती, खिडकीत बोगद्याचा काळोख येत-जात होता. मी फिरवलं. एक उचलला, पाच उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा फिरवलं. आता दोन्ही बाजूंना बारा-बारा टाके वाट बघत आणि मध्ये एक लहानसं बेट.

तिसऱ्या ओळीला कळलं की जिथून आपण फिरतो तिथं दोन टाक्यांमध्ये फट पडते, आणि पुढच्या वेळी ती फट ओलांडून अलीकडचा-पलीकडचा टाका एकत्र विणला की ती बुजते. मोजायची गरजच नाही. फट शोधायची, बुजवायची, एक विणायचा, फिरायचं. बेट दर ओळीला एकेका टाक्यानं रुंद होत जातं. वही मी मिटून ठेवली. चौदा ओळी. शेवटच्या ओळीला एकही टाका बाहेर राहिला नाही, चौतिसांचे वीस झाले होते, आणि हातात सपाट कापड नव्हतं, खोलगट वाटी होती.

मी त्यात अंगठा दाबून बघितला. मावशींनी हात पुढे केला, त्यांनी मूठ घालून बघितली. मग तो अर्धा मोजा सुयांसकट खिडकीपासून दारापर्यंत फिरला. कुणी शिवण शोधली, कुणी "कापून जोडलंय का?" विचारलं. आसनगाव कधी गेलं कळलं नाही. रात्री आईला फोन केला. म्हटलं, "ओळ पूर्ण करायची नाही, मधूनच फिरायचं, म्हणजे मधला भाग जास्त उंच होतो आणि फुगतो." आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पापड लाटताना मध्ये जाड राहिला की फुगारा येतो, तसं." मी अजून यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण वाचलेलं नाही.

त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून सतरा-सतरा टाके उचलायचे, झोपलेले चौतीस जागे करायचे, अठ्ठ्याऐंशी होतात. मग एका फेऱ्याआड दोन-दोन कमी करत पुन्हा अडुसष्टावर यायचं. दोन बाजूंना तिरक्या कळ्या पडतात, विजारीला असतात तशा. ते काम चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. पाऊल म्हणजे पुन्हा नळी.

शेवट बोटांपाशी. टाके कमी करत वर आठ, खाली आठ उरले की शिवणीची वेळ येते, पण ती शिवण नसतेच. दाभणात धागा ओवून टाक्यातून टाक्यात असा फिरवायचा की एक नवी ओळच विणली जाते. हात फिरवला तर सांधा लागत नाही. या जोडणीला किचनरचं नाव आहे. कर्झनशी भांडून त्याला राजीनामा द्यायला लावणारा, हिंदुस्थानचा सरसेनापती, तोच तो लॉर्ड किचनर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बायका सैनिकांसाठी ढिगांनी मोजे विणत होत्या, बुटातल्या पायाला शिवण घासून जखमा होत, म्हणून त्यानं ही पद्धत काढवली असं विणणाऱ्या बायका सांगतात. त्या गोष्टीची हमी मी देणार नाही. तो स्वतः १९१६ मध्ये सुरुंगानं फुटलेल्या जहाजाबरोबर बुडाला, आणि आता माझ्या पिढीतल्या बहुतेकांना त्याचं नाव ठाऊक असलंच तर बंगालच्या फाळणीच्या धड्यातल्या कर्झनच्या शेजारी. मला मात्र दर मोज्याला त्याची आठवण काढावी लागते, आणि दर मोज्याला दाभण सुलट टाक्यात आधी कुठून घालायचं हे विसरायला होतं.

---

पहिला जोड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावी नेला. राखाडी रंग, अण्णांनी हरकत घेऊ नये म्हणून. खाटेवर बसवून मीच घातले. डावा घोट्यावरून कुठंही न अडकता गेला. कड नडगीवर नुसती टेकली. अण्णांनी पाय वर-खाली केले, बोटं हलवली.

"ऊबदार आहे," म्हणाले. ही त्यांची परमावधी.

मग उठले, दाराशी गेले, चप्पल पायात सारायला लागले आणि थबकले. पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय गं, अंगठा कुठं गेला माझा?"

पाच आठवडे मी सेंटिमीटर, टाके, टाच यांचा हिशेब केला होता. अंगठ्याची चप्पल सोडून हा माणूस आयुष्यात दुसरं काही घालत नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. भाऊ म्हणाला, "सँडल आणू या." अण्णा म्हणाले, "मी काय शाळेत जातोय?"

दुसरीही भानगड झाली. मी गेल्यावर अण्णा ते मोजे घरात, झोपताना वापरायला लागले, पण डावा-उजवा ओळखायचा कसा? आठ टाक्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. वहिनीचा फोन, "ताई, एक मोजा ढिला पडतोय आणि एक काचतोय म्हणतात." डाव्याच्या कडेला लाल दोरा शिवायला सांगितला. तर लाल उजवा की लाल डावा यावरून घरात रोज चर्चा.

आपल्याकडे बायकांचे अंगठ्याचे मोजे मिळतात की, त्वचेच्या रंगाचे, स्कूटीवाल्या मुली घालतात ते. अण्णांना ते नाव काढूनही चाललं नसतं. मी मोबाईलवर लोकरीच्या मोज्याला अंगठा कसा काढायचा ते शोधत होते, आणि समोर आला इजिप्तमधला मोजा. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात ठेवलेला जोड, लाल लोकरीचा. इसवी सन २५० ते ४२० च्या दरम्यानचा. ऑक्सिरिंकस नावाच्या जुन्या गावाच्या दफनभूमीत सापडलेला. तो आपल्यासारखा दोन सुयांचा नाही, एका सुईनं फास घेत घेत केलेला, विणकामाच्याही आधीची कला. पण पुढून दुभंगलेला. एका बाजूला अंगठा, एका बाजूला बाकीची बोटं. सँडलवर घालायचा म्हणून.

मी तो फोटो मावशींना दाखवला. त्या म्हणाल्या, "बघ, त्या बाईचा बापही तुझ्या बापासारखाच."

मग दुसरा जोड. बोटांच्या मुळापर्यंत सगळं तेच. तिथं उजव्याच्या अडुसष्टपैकी वीस टाके अंगठ्याला काढले, बाकीचे अठ्ठेचाळीस वायरवर ठेवले. दोन बोटांच्या बेचक्यात चार नवे टाके घातले. चोवीस टाक्यांवर इवलीशी नळी, पंधरा-सोळा फेरे, मिटवली. मग त्या चार टाक्यांच्या तळातून पुन्हा चार उचलून बावन्न टाक्यांवर बाकीची बोटं. बेचक्यात भोक राहतं, ते उरलेल्या धाग्याच्या शेपटानं आतून आवळून घ्यायचं. वाचायला किचकट वाटेल, हाताला तासाभराचं काम.

उजवा सुरेख झाला. डावा विणायला घेतला, शहात्तर टाके, अंगठ्याला बावीस काढले, बेचक्याचे चार धरून सव्वीस. कल्याण सोडताना संपवला, खिशातून उजवा काढून त्याच्याशेजारी ठेवला. दोन्ही अंगठे एकाच बाजूला. बुटातून पाय काढून तिथल्या तिथं घालून बघितला, कारण डोळ्यांवर विश्वास नव्हता. माझ्याकडे आता अण्णांच्या उजव्या पायाचे दोन मोजे होते, एक बारीक, एक जाड. साधा मोजा डावा नसतो की उजवा. अंगठा काढला की होतो. अंगठा आतल्या बाजूला हवा एवढं मला माहीत होतं. मी विणताना मोज्याकडे समोरून बघत होते, पाय घालणारा माणूस वरून बघतो.

उसवलं. अंगठ्याची नळी आणि बोटांचा सगळा भाग. उसवताना लोकर कुरळी निघते, नूडल्ससारखी. पलीकडच्या खिडकीतल्या मुलीला वाईट वाटलं, ती म्हणाली, "काकू, राहू द्या ना, दोन उजवे असले तर काय होतं?" तिला काय सांगू.

हा जोड संक्रांतीला दिला. या वेळी मी घालून दिले नाहीत. अण्णांनी एक मोजा हातात घेतला, अंगठ्याची बाजू बघितली, आपल्या पायाकडे बघितली आणि बरोबर डाव्या पायात घातला. लाल दोरा नाही, चर्चा नाही. मग चप्पल. अंगठ्याचा पट्टा बेचक्यात बसला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तुळशीपाशी थांबून पायाकडे बघत उभे राहिले.

आई दारातून म्हणाली, "बदकासारखे दिसताय."

"दिसू दे," अण्णा म्हणाले आणि बागेकडे चालायला लागले.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेली लोकर तोलली तर चौदा ग्रॅम भरली. ती मी टाकली नाही, पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवली. बरं झालं. फेब्रुवारीत भावाचा फोन आला, हार्वेस्टिंगच्या गडबडीत होता. आवाज मागून अण्णांचाच, त्याला शब्द पुरवत होते. उजव्या मोज्याचा अंगठा पट्ट्याला घासून घासून फुटलाय. अंगठ्याला नायलॉन कमी पडलं असं त्यांचं मत आहे. रफू जमेल का, आणि या खेपेला अंगठ्यालाही टाचेसारखं दुपदरी विणता येईल का, विचारत होते.